जगाचे प्रश्न आणि शाळेचा वर्ग : बाबासाहेबांचे गुरुजी प्रा. जॉन ड्यूई

परमपूज्य बाबासाहेबांचे तीन गुरू कोणते, असे आपल्या घरातल्या शाळकरी मुलाला विचारले तर तो चटकन सांगतो : भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतिबा फुले. उत्तर बरोबरच आहे. परंतु या तिघांपैकी एकालाही बाबासाहेबांनी समोर बसून ऐकलेले नव्हते. महात्मा फुले तर बाबासाहेबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी निवर्तले. ज्यांच्यासमोर बाबासाहेब वर्गात बसले, ज्यांची व्याख्याने त्यांनी प्रत्यक्ष ऐकली आणि ज्यांचे ऋण त्यांनी पुढे उघडपणे मान्य केले, असे एक शिक्षक दूर अमेरिकेत होते. त्यांचे नाव प्रा. जॉन ड्यूई. आपल्या वस्तीतल्या फार थोड्या घरांत हे नाव ठाऊक आहे. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहे.

हे चरित्र सांगण्यामागे आणखीही एक कारण आहे. मी शाळेत शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझ्याकडे पालक येतात आणि दोनच गोष्टी विचारतात : मुलगा पास होईल का, आणि पुढे नोकरी लागेल का. हे विचारण्यात काही चूक नाही. माझ्या आईवडिलांनीही माझ्या गुरुजींना हेच विचारले होते. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हते, त्याने शिक्षणाकडून भाकरीची अपेक्षा करायची नाही तर कशाची करायची? परंतु आजच्या जगात काही प्रश्न असे आहेत की ते गावाच्या शिवेवर थांबत नाहीत. २०२० साली जगाच्या एका कोपऱ्यातून निघालेल्या रोगाने आपल्या खेड्यातल्या शाळेला कुलूप लावले. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, पाऊस वेळेवर येत नाही, दूर कुठे युद्ध पेटले की इकडे तेलाचा आणि खताचा भाव चढतो. अशा जगात उभे राहण्यासाठी आपली शाळा मुलाला काय देते? या एका प्रश्नासाठी प्रा. ड्यूई यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले.

किराणा दुकानदाराचा मुलगा

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन या गावी झाला. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. आई मोठी धर्मनिष्ठ बाई होती. त्याच वर्षाच्या आरंभी या दांपत्याचा एक लहान मुलगा अपघातात दगावला होता. त्याचे नाव जॉन. पुढे झालेल्या मुलाला आईबापांनी तेच नाव दिले.

जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकणारी दक्षिणेकडील राज्ये एका बाजूला आणि उत्तरेकडील राज्ये दुसऱ्या बाजूला, अशी ती १८६१ ते १८६५ ची लढाई होय. जॉनचे वडील दुकान सोडून उत्तरेच्या सैन्यात गेले. घोडदळाच्या पलटणीत रसद पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. माणसाला माणूस न मानण्याची किंमत एका राष्ट्राला किती रक्त सांडून द्यावी लागते, ते या मुलाच्या घराने जवळून पाहिले.

शाळेत जॉनचे मन रमत नसे. धडे पाठ करायचे आणि विचारले की म्हणून दाखवायचे, एवढाच शाळेचा व्यवहार होता. तो शिकला तो शाळेबाहेर. घरोघर वर्तमानपत्रे टाकली, लाकडाच्या वखारीत ओंडके मोजण्याचे काम केले. हाताने काम करताना जे डोक्यात शिरते ते बाकावर बसून का शिरत नाही, हा प्रश्न या मुलाच्या मनात तेव्हाच रुजला असावा.

वयाच्या १९ व्या वर्षी, १८७९ मध्ये, ते पदवीधर झाले. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑइल सिटी या गावी त्यांनी माध्यमिक शाळेत मास्तरकी केली. पुढे शिकायचे तर पैसा हवा होता. तेव्हा एका नातलग बाईकडून ५०० डॉलर उसने घेऊन ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले आणि १८८४ मध्ये तत्त्वज्ञानाचे डॉक्टर होऊन बाहेर पडले. उसनवारीवर शिकणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मिशिगन विद्यापीठात नोकरी करीत असताना १८८६ मध्ये ॲलिस चिपमन या बुद्धिमान तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ॲलिसबाईंना अन्यायाची चीड होती. आजीआजोबांच्या घरी वाढताना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरील जुलूम त्यांच्या कानावर पडला होता. पुस्तकी तत्त्वज्ञानात बुडालेल्या पतीला माणसांच्या प्रश्नांकडे वळविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

शिकागो : संप, वस्ती आणि शाळा

१८९४ साली ड्यूई शिकागो विद्यापीठात गेले. ते पोहोचले तेव्हा शहर पेटलेले होते. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने कामगारांचा पगार कापला, पण कंपनीच्याच घरांचे भाडे मात्र कमी केले नाही. त्यावरून संप झाला, देशभर गाड्या अडकल्या आणि सरकारने लष्कर आणले. प्रवासात ड्यूईंची संपाच्या एका कार्यकर्त्याशी गाठ पडली होती. त्या माणसाची तळमळ पाहून, आपण विद्यापीठात जे शिकवतो त्याचा या जगाशी संबंध तरी काय, असे त्यांना वाटून गेले.

शिकागोत जेन ॲडम्स नावाच्या थोर बाई गरीब वस्तीत हल हाउस ही संस्था चालवीत होत्या. देशोदेशींहून पोट भरायला आलेले कामगार, त्यांच्या बायका, मुले तेथे येत. ड्यूई त्या संस्थेत मनापासून जात असत व तिच्या विश्वस्तांपैकी एक झाले. याच जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेगवेगळ्या भाषेची आणि धर्माची माणसे एका टेबलाभोवती बसून आपल्या अडचणी सोडवू शकतात, हे ड्यूईंनी तेथे पाहिले.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्रायोगिक शाळा काढली. आरंभी मुले फक्त १६ होती. शाळेसाठी बाके घ्यायला ते शहरभर हिंडले. त्यांना हवी होती काम करायला सोयीची टेबले. पण दुकानात सगळी बाके होती ती नुसते बसून ऐकण्याची. एका दुकानदारानेच ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली. ही हकीकत ड्यूईंनी पुढे आपल्या १८९९ च्या शाळा आणि समाज या विषयावरील पुस्तकात नमूद केली. ऐकण्यासाठी बनविलेल्या बाकावर बसून आज्ञाधारक माणूस तयार होईल. प्रश्न सोडविणारा माणूस तयार होणार नाही, हे त्यांनी ओळखले.

त्या शाळेतील एक उदाहरण तर आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे. मुलांपुढे लोकर आणि कापसाची बोंडे ठेवली गेली. पूर्वीची माणसे सुती कपड्यांऐवजी लोकरी कपडे का वापरीत, हा प्रश्न होता. पुस्तकातून उत्तर न सांगता मुलांनाच बोंडे फोडून सरकी वेगळी करायला लावली. अर्धा तास बोटे झिजवूनही एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, रुई निघाली नाही. हाताने दिवसभरात एक माणूस जेमतेम एक पौंड रुई काढू शकतो, हे मुलांना मग सांगावेच लागले नाही. त्यांच्या बोटांनीच ते सांगितले. पुढे सूत, माग, यंत्रे, गिरण्या असा माणसाच्या प्रगतीचा सगळा इतिहास त्या मूठभर कापसातून उलगडत गेला.

येथे मी माझ्याकडून थोडी भर घालतो. १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी काढण्याचे यंत्र निघाले. रुई झपाट्याने निघू लागली, म्हणून कापसाची लागवड वाढली. लागवड वाढली म्हणून वेचणीला अधिक गुलाम हवे झाले. यंत्राने श्रम वाचले, पण गुलामाची बेडी अधिक घट्ट झाली. त्या गुलामगिरीवरून पुढे यादवी युद्ध पेटले. युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या आणि वऱ्हाडच्या व मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला. ज्या लढाईत ड्यूईंचे वडील रसद वाहत होते, त्याच लढाईने आपल्या शिवारातल्या कापसाचा भाव ठरविला! कापूस वेचणाऱ्या आपल्या आजी-पणजीला यातले काही ठाऊक नव्हते. शिक्षण नसण्याचा अर्थ हाच. सारे जग आपल्या पदरात येऊन पडते आणि ते कोठून आले हे आपल्याला कळत नाही.

विचार कसा करावा

ड्यूईंचे म्हणणे असे होते की शिक्षण म्हणजे पुढे कधीतरी जगण्यासाठी केलेली नुसती तयारी नव्हे. मूल आज शाळेत जगतच असते. आजच्या, हाताशी असलेल्या प्रश्नाला जे मूल सगळ्यांबरोबर भिडते, तेच उद्या मोठ्या प्रश्नाला भिडेल. आज ज्याला गप्प बसविले, तो उद्या एकदम बोलू लागेल ही आशा व्यर्थ आहे.

विचार करणे ही देणगी नसून शिकण्याची कला आहे, हे त्यांनी १९१० साली एका पुस्तकात मांडले. प्रथम अडचण जाणवते. मग ती नेमकी काय व कुठे आहे हे पाहावे लागते. मग उपाय सुचतात. त्या उपायाचे परिणाम काय होतील याचा विचार करावा लागतो. अखेर प्रत्यक्ष अनुभवावर तो उपाय पारखून घ्यावा लागतो आणि मगच तो स्वीकारावा किंवा टाकावा. हे वाचताना आपल्यासारख्या बौद्ध माणसाला तथागतांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते व त्याचा मार्ग आहे, हा क्रम आपण वंदनेला बसणाऱ्या मुलांना शिकवतोच. परंपरेने सांगितले म्हणून नव्हे तर स्वतः तपासून स्वीकारा, हा कालामांना केलेला उपदेशही आपल्याला ठाऊक आहे. ड्यूई बौद्ध नव्हते आणि त्यांना तसे ठरविण्याचे कारणही नाही. परंतु या दोन वाटा कुठे जवळ येतात हे बाबासाहेबांच्या अभ्यासकांनी पाहिलेले आहे.

शिकागोची ही वर्षे घरात मात्र दुःखाची गेली. १८९५ मध्ये इटलीत असताना मॉरिस हा अडीच वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला. १९०४ मध्ये आयर्लंडमध्ये आठ वर्षांचा गॉर्डन विषमज्वराने गेला. त्यानंतर त्या पतिपत्नींनी इटलीत साबिनो नावाचा एक मुलगा दत्तक घेतला. त्याच १९०४ साली, ॲलिसबाईंच्या शाळेतील पदावरून विद्यापीठाच्या प्रमुखांशी मतभेद होऊन ड्यूईंनी राजीनामा दिला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली.

न्यूयॉर्कमध्येही ते नुसते वर्गात राहिले नाहीत. १९०९ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जी परिषद भरली व जिच्यातून त्यांची सर्वांत मोठी संघटना उभी राहिली, तिच्या पुरस्कर्त्यांत ड्यूई होते. कोणताही वंश जन्मतः हीन नसतो असे त्यांनी त्या परिषदेत प्रतिपादन केले. स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी ते झटले. शिक्षकांची संघटना बांधण्यात ते पुढे होते. ज्या शिक्षकाला स्वतःला बोलायचे स्वातंत्र्य नाही, तो मुलांना विचार करायला काय शिकविणार, असा त्यांचा सवाल असे.

कोलंबियाच्या वर्गातील तरुण

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. तेथे १९१६ पर्यंत ते होते. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे अनेक विषय त्यांनी अधाशासारखे अभ्यासले आणि ड्यूईंच्या वर्गांनाही ते बसले. आपल्या गावच्या शाळेत ज्याला वर्गाच्या कडेला गोणपाटावर बसावे लागले, पाणीसुद्धा शिपायाने वरून ओतले तरच मिळाले, तो विद्यार्थी येथे सर्वांच्या बरोबरीने बसून लोकशाहीवरील व्याख्याने ऐकत होता. हा प्रसंग डोळ्यांपुढे आणला म्हणजे अंगावर शहारे येतात.

१९१६ मध्येच ड्यूईंचा लोकशाही आणि शिक्षण हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. बाबासाहेबांनी रेघा ओढून वाचलेली त्याची प्रत आजही जपून ठेवलेली आहे. लोकशाही म्हणजे केवळ मतपेटी नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्या ग्रंथाचा गाभा. एखादा समाज चांगला की वाईट हे ओळखण्याच्या दोन कसोट्या त्यात दिल्या आहेत. पहिली, त्या समाजातील माणसांचे समान हितसंबंध किती आणि किती प्रकारचे आहेत? दुसरी, बाहेरच्या समाजांशी त्याची देवाणघेवाण किती मोकळी आहे? दरोडेखोरांच्या टोळीतही एकी असते, पण ती लुटीपुरती असते व बाकी जगाशी तिचे वैर असते. म्हणून ती टोळीच राहते.

ही कसोटी जातीला लावून पाहा. रोटी नाही, बेटी नाही, पाणवठा एक नाही, सुखदुःख एक नाही. जात दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. बाबासाहेबांनी नेमके हेच केले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिले, मंडळाने ते होऊ दिले नाही, आणि ते ॲनिहिलेशन ऑफ कास्ट या नावाने पुस्तकरूपाने निघाले. त्यात त्यांनी ड्यूईंचा आपले गुरू म्हणून आदराने उल्लेख केला आहे. मात्र शिष्याने गुरूचे शब्द नुसते उचलले नाहीत. गुरूने न पाहिलेल्या प्रश्नावर त्याने ते हत्यार चालवून दाखविले. खरा विद्यार्थी तो हाच.

त्या ग्रंथात आणखी एक महत्त्वाचा विचार आहे. विज्ञान, व्यापार, कला यांना राष्ट्राची सीमा नसते. मग मुलाला फक्त आपल्या राष्ट्रापुरते पाहायला शिकविणारे शिक्षण पुरे कसे पडेल? देशावरील प्रेम असावे, पण साऱ्या माणसांना जोडणारी कामे सर्वांत श्रेष्ठ आहेत, हे शाळेने शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा युरोपात महायुद्ध चालू होते हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचे मोल कळते.

गुरू चुकला तेव्हा

परंतु चरित्र सांगायचे तर चूकही सांगितली पाहिजे. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा ड्यूईंनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला. या युद्धातून जगात लोकशाही रुजेल असे त्यांना वाटले. त्यांचाच एक जुना विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न याने त्यांच्यावर कडक टीका केली. युद्ध एकदा सुरू झाले की ते विचारवंतांच्या हातात राहत नाही, उलट विचारवंतच त्याच्या हातात जातात, असे त्याचे म्हणणे होते. गुरूने त्या वेळी शिष्याचे ऐकले नाही. १९१८ च्या डिसेंबरात, इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत बोर्न ऐन बत्तिशीत गेला. पुढच्याच वर्षी व्हर्सायच्या तहात विजेत्या राष्ट्रांनी जगाची वाटणी करून घेतली आणि बोर्नचे म्हणणे खरे ठरले.

ड्यूईंनी मग आपली वाट बदलली. युद्धालाच बेकायदा ठरवावे या चळवळीत ते शिरले. तिच्या प्रभावातून १९२८ मध्ये पॅरिसला युद्धत्यागाचा करार झाला. त्या कराराने दुसरे महायुद्ध थांबले नाही, हेही खरे. पण जो माणूस आपला उपाय अनुभवावर पारखायला सांगतो, त्याने स्वतःचा चुकलेला उपाय टाकून दिला, हे शिक्षकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. आपल्यापैकी किती शिक्षक फळ्यावरची आपली चूक मुलाने दाखविली तर ती पुसतात?

चीनच्या विद्यार्थ्यांमध्ये

१९१९ च्या आरंभी ड्यूई जपानला गेले व टोकियोत त्यांनी व्याख्याने दिली. जपान सरकारने त्यांना मानाचा किताब देऊ केला. पण तेथील राज्यकारभार लोकशाहीचा नाही हे पाहून त्यांनी तो घेतला नाही. तेथून ते ३० एप्रिलला चीनमध्ये शांघायला उतरले. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. व्हर्सायच्या वाटाघाटीत शान्तुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला दिले गेले होते. जगाच्या राजकारणाचा प्रश्न असा थेट कॉलेजच्या दारात आला होता.

थोड्या मुक्कामासाठी गेलेले ड्यूई तेथे दोन वर्षांहून अधिक, जुलै १९२१ पर्यंत राहिले. अनेक प्रांतांत हिंडले, शेकडो सभांत बोलले. त्यांचाच विद्यार्थी हू शी हा दुभाषी असे. दुसरा विद्यार्थी ताओ शिंगची याने तर १९२७ मध्ये नानकिंगजवळच्या खेड्यात शिक्षक तयार करणारी शाळा काढली. तेथे भावी शिक्षक शेतकऱ्यांबरोबर शेतात राबत आणि शिकत. ताओने गुरूचे सूत्र उलटे केले. शिक्षण हे जीवन असेल, तर जीवन हेच शिक्षण का नसावे, असे तो म्हणे. शाळेत येऊ न शकणाऱ्या कोट्यवधी गरिबांच्या देशात हा बदल आवश्यकच होता. बाबासाहेबांप्रमाणे ताओनेही गुरूचा विचार आपल्या मातीत कसून पाहिला.

पुढे १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या नव्या सरकारने ड्यूईंना शाळांची पाहणी करायला बोलाविले. १९२६ मध्ये त्यांनी मेक्सिकोच्या खेड्यांतील शाळा पाहिल्या आणि १९२८ मध्ये सोव्हिएट रशियाच्या. १९२७ मध्ये ॲलिसबाईंचे निधन झाले. १९३० मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. १९३७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, स्टालिनच्या राजवटीने ट्रॉट्स्कीवर लादलेल्या आरोपांची चौकशी करायला ते मेक्सिकोला गेले आणि आरोप खोटे असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला.

त्यांच्या शिक्षणविचारालाही मर्यादा होत्या. शिकागोची शाळा मुख्यतः प्राध्यापकांच्या व सुखवस्तू घरांतील मुलांची होती. त्यांचे नाव घेऊन काही शाळांनी मुलांना वाटेल ते करू दिले आणि त्यालाच शिक्षण म्हटले. १९३८ मध्ये ड्यूईंनी स्वतःच अशा शाळांचे कान उपटले. मुलाच्या आवडीला शिस्तीची आणि ज्ञानाची जोड हवी, नाहीतर तो पोरखेळ होतो, असे त्यांनी बजावले. आपल्या मुलांना पाढे, शुद्धलेखन, इंग्रजी हे सारे आलेच पाहिजे. त्यातून सुटका नाही.

राहून गेलेली भेट

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने भारतीय राज्यघटनेच्या शिल्पकाराला सन्माननीय डॉक्टरेट देण्याचे ठरविले. समारंभ ५ जूनला होता. बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले. आपल्या वृद्ध गुरूला भेटण्याची त्यांना ओढ लागली होती. पण १ जून १९५२ रोजी प्रा. ड्यूई वयाच्या ९२ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले. शिष्य समुद्रापलीकडून येत होता आणि गुरू निघून गेला. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी याबद्दल फार दुःख व्यक्त केले आणि आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय या गुरूला दिले.

बंधू-भगिनींनो, हे चरित्र वाचून ठेवून देण्यासाठी नाही. माझ्या वर्गातली एक साधी गोष्ट सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या शाळेची बोअर आटली. भूगोलाचा पाण्याचा धडा चालू होता. मी मुलांना म्हटले, धडा बाजूला ठेवा, गावातले पाणी मोजा. मुलांनी विहिरींत दोरी सोडून खोली मोजली, जुन्या माणसांना पावसाबद्दल विचारले, कुणाच्या शेतात ऊस आहे ते लिहून आणले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले की नळाचे पाणी आमच्या वस्तीला सगळ्यात शेवटी का येते. वर्ग एकदम शांत झाला. खरे सांगतो, मी तिला खाली बस म्हणणार होतो. नोकरी आठवली, गाव आठवले. मग बाबासाहेबांचे महाड आठवले आणि मी खडू उचलून तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला.

मुलांनी पंधरा दिवस प्रत्येक वस्तीच्या नळाची वेळ लिहून ठेवली. तो कागद पालकांनी ग्रामसभेत मांडला. बरीच बोलाचाली झाली. शेवटी पाळीपाळीने पाणी सोडायचे ठरले. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा कमीच होते, आणि पाऊस का बदलतो आहे हे आमच्या गावाच्या हातात नाही. पण त्या मुलांना आता पृथ्वीच्या तापमानवाढीचा धडा परका वाटत नाही. टंचाई आली की तिची झळ सर्वांना सारखी लागत नाही, आधी कोणाचा नळ कोरडा पडतो, हे त्यांनी मोजून पाहिले आहे. उद्या जगाच्या व्यासपीठावर हाच प्रश्न विचारायचा आहे. लहान देश आणि गरीब माणसे आज तेथे तोच विचारीत आहेत.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. मूल घरी आले की किती गुण पडले हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आज वर्गात तू कोणता प्रश्न विचारलास, हेही विचारा. शाळेतल्या सभेला जा आणि गुरुजींनाही विचारा की मुलांना बोलू देता की नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. गावचा एखादा प्रश्न घेऊन त्याचे कारण त्यांना शोधू द्या. त्यांची उत्तरे चुकली तर चुकू द्या. चुकलेले उत्तर तपासून टाकून देणे हेही शिक्षणच आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून त्यांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंद हे नावसुद्धा एका प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. भन्ते नागसेनांना त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि भन्तेंनी त्याला एकदाही गप्प बसविले नाही. आपल्या घरातल्या मुलामुलींनाही कोणी गप्प बसवू नये, एवढे आपण पाहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!